ईव्हेंट लूपचा इंटरफेस लिहायचाय? सुरुवात 'बंद कर'पासून करा

काही वर्षांपूर्वी आम्ही एक गेटवे लिहिला होता. शेकडो वीजमीटर टीसीपीवरून त्याला जोडलेले. मीटरने रीडिंग पाठवायचं, गेटवेने ते डीकोड करून पुढे ढकलायचं. सगळा कारभार एका थ्रेडमध्ये, ईपोलवर, म्हणजे अनेक कनेक्शनपैकी कुठे काही घडलंय हे सांगणाऱ्या लिनक्सच्या सोयीवर. ती सोय पुन्हा पुन्हा विचारून प्रत्येक घटनेला तिचं फंक्शन बोलावणारा तो ईव्हेंट लूप. डीकोडिंग जड होतं, म्हणून तेवढं दुसऱ्या थ्रेडकडे. चार-पाच दिवसांतून एकदा एका मीटरचं रीडिंग दुसऱ्याच मीटरच्या नावावर पडायचं. लॉगमध्ये एरर नाही, क्रॅश नाही, काही नाही.

कारण सापडलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. डीकोडर थ्रेड आपलं काम फाइल डिस्क्रिप्टरच्या, म्हणजे उघड्या फाइलला किंवा कनेक्शनला कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) दिलेल्या, क्रमांकावर परत करत होता: 'हे १७ चं रीडिंग'. तोवर १७ चं कनेक्शन तुटलेलं असायचं आणि नवा मीटर जोडला जाऊन त्यालाही १७ हाच क्रमांक मिळालेला असायचा. पॉझिक्सचा, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकाचा, नियमच तसा आहे, नव्या डिस्क्रिप्टरला सर्वांत लहान मोकळा क्रमांक द्यायचा. चाळीतली १७ नंबरची खोली रिकामी झाली, नवं बिऱ्हाड आलं आणि जुन्या भाडेकरूची मनीऑर्डर नव्याच्या हातात पडली, असा प्रकार.

आमच्या लूपमध्ये डिस्क्रिप्टरच्या नोंदणीचा कोड चाळीसेक ओळींचा होता आणि तो पहिल्या दिवसापासून बरोबर होता. चुकलं होतं ते बंद करणं. तेव्हापासून लूपचा इंटरफेस लिहायला बसलो की कागदावर पहिलं फंक्शन मी 'बंद कर' हे लिहितो. खालच्या पायऱ्या सी भाषा आणि लिनक्स धरून आहेत. रस्ट किंवा सी++ मध्ये लिहिणाऱ्यांनाही प्रश्न हेच पडतात, फक्त रस्टमध्ये त्यातले काही कंपायलर आधी विचारतो.

## पायरी १: कर्नल काय देतो ते आधी बघा

कोणत्या डिस्क्रिप्टरवर काही घडलंय हे कर्नलला विचारणारं सिलेक्ट १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये आलं. लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीत, ग्लिबसीमध्ये, त्याची मर्यादा १०२४ डिस्क्रिप्टर, आणि त्यापुढचा क्रमांक संचात टाकलात तर एरर न येता शेजारची मेमरी बिघडते. तेच काम करणाऱ्या पोलने ती मर्यादा काढली, पण दर वेळी पूर्ण यादी कर्नलला द्यायची, कर्नलने ती पूर्ण चाळायची, हे राहिलंच. १९९९ च्या सुमारास डॅन केगेल यांनी 'एका सर्व्हरवर दहा हजार ग्राहक' हा प्रश्न सी-टेन-के या नावाने मांडला. २००० मध्ये फ्रीबीएसडीत केक्यू आला, २००२ मध्ये लिनक्सच्या २.५.४४ आवृत्तीत ईपोल. दोन्हींत यादी कर्नलकडेच राहते आणि आपल्याला फक्त घडलेल्या गोष्टी कळतात.

इंटरफेसच्या दृष्टीने खरा फरक मात्र वेगळाच आहे. ईपोल आणि केक्यू सांगतात, 'आता वाचलंस तर अडकणार नाहीस.' विंडोजचा आयओसीपी आणि २०१९ मध्ये लिनक्स ५.१ सोबत आलेलं आयओ-यूरिंग सांगतात, 'वाचून झालं, हे घे.' पहिल्या प्रकारात दूधवाला हाक मारतो आणि तुम्ही भांडं घेऊन बाहेर जाता. दुसऱ्यात भांडं रात्रीच दारात ठेवलेलं असतं. ते भांडं, म्हणजे बफर, दूध ओतून होईपर्यंत तुमचं नसतं. मध्येच उचलून आत नेलंत तर दूध फरशीवर. काम रद्द करायचं ठरवलंत तरी रद्द झाल्याचा निरोप येईपर्यंत बफरला हात लावता येत नाही.

म्हणून पहिला निर्णय असा: उद्या विंडोजवर किंवा आयओ-यूरिंगवर जायचं असेल तर इंटरफेस आजच 'वाचून झालं' या पद्धतीचा ठेवा. त्या पद्धतीचा मुखवटा ईपोलवर चढवता येतो. उलट दिशेचा प्रवास फार त्रासाचा आहे. लिबयूव्ही या लूपच्या लायब्ररीने हेच केलं, आणि तिच्यावर उभं असलेलं नोड डॉट जेएस दोन्हीकडे चालतं त्याचं एक मोठं कारण ते आहे. तुमचा प्रोग्राम कायम लिनक्सवरच चालणार असेल तर 'आता वाचता येईल' ही पद्धत जास्त सोपी. पुढे मी तीच धरली आहे.

एक खड्डा इथेच सांगतो. डिस्कवरची साधी फाइल ईपोलमध्ये टाकता येत नाही, नोंदणी करतानाच ई-पर्म ही एरर मिळते. फाइल वाचणं आणि गेट-अ‍ॅडर-इन्फोने डीएनएस विचारणं ही थांबवणारी कामं आहेत, ती थ्रेड पूलकडेच, म्हणजे राखीव थ्रेडच्या गटाकडे, द्यावी लागतात. लिबयूव्ही त्यासाठी डीफॉल्ट ४ थ्रेड ठेवतं.

## पायरी २: इंटरफेस कागदावर

लूपने करायच्या गोष्टी पाचच: डिस्क्रिप्टरवर लक्ष ठेवणं, टायमर, 'हे थोड्या वेळाने कर' अशी रांग, दुसऱ्या थ्रेडकडून जाग येणं, आणि सिग्नल. एचटीटीपी, टीएलएस, लॉगिंग यातलं काहीही आत घेऊ नका. नावं मी मराठीत लिहितोय, तुमच्या हेडर फाइलमध्ये हवी ती द्या. कॉलबॅक म्हणजे घटना घडली की लूपने बोलवायचं तुमचं फंक्शन.

```
लूप_बनव()                              -> लूप
लूप_चालव(लूप)
लूप_एक_फेरी(लूप, जास्तीत_जास्त_थांब)
लूप_थांबव(लूप)

लक्ष_ठेव(लूप, डिस्क्रिप्टर, कशावर, कॉलबॅक, माझं)  -> ओळख
लक्ष_बदल(लूप, ओळख, कशावर)
टायमर_लाव(लूप, किती_वेळाने, कॉलबॅक, माझं)        -> ओळख
नंतर_कर(लूप, कॉलबॅक, माझं)
बंद_कर(लूप, ओळख, बंद_झाल्यावर)

जागं_कर(लूप)        // दुसऱ्या थ्रेडमधून चालेल असं हे एकमेव
```

'माझं' म्हणजे वापरणाऱ्याचा पॉइंटर, लूपने तो न उघडता जसाच्या तसा कॉलबॅकला द्यायचा. तो नसेल तर वापरणारा माणूस ग्लोबल व्हेरिएबलकडे वळतो आणि दोन लूप एकत्र चालवणं संपतं. 'ओळख' हा पॉइंटर नाही आणि डिस्क्रिप्टरही नाही, हे मुद्दाम. सगळा खेळ तिच्यावर आहे.

## पायरी ३: बंद करणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. बंद करताना होणारे घोटाळे चार प्रकारचे आहेत, आणि चारही मी केलेले आहेत.

पहिला, एकाच फेरीतला शिळा ईव्हेंट. ईपोल-वेटने तुम्हाला एकदम ६४ ईव्हेंट दिले. तिसऱ्याच्या कॉलबॅकने दहाव्याचं कनेक्शन बंद करून त्याची मेमरी सोडली. प्रॉक्सीमध्ये हे रोजचंच, एक बाजू तुटली की दुसरीही बंद करतात. आता दहाव्या ईव्हेंटमध्ये ठेवलेला पॉइंटर सोडलेल्या मेमरीकडे बोट दाखवतोय. डिस्क्रिप्टर ईपोलमधून काढून टाकलात तरी उपयोग नाही, कारण ईव्हेंट आधीच तुमच्या अ‍ॅरेमध्ये येऊन पडला आहे.

यावर उपाय म्हणजे ती 'ओळख'. हँडल, म्हणजे एकेका नोंदणीची लूपकडची माहिती, एका अ‍ॅरेमध्ये ठेवा. प्रत्येक जागेला पिढीचा एक क्रमांक द्या, जागा मोकळी झाली की तो एकने वाढवा. ओळख म्हणजे ३२ बिटांत जागेचा क्रमांक आणि ३२ बिटांत पिढी. ईपोल प्रत्येक नोंदणीसोबत तुमचे ६४ बिट जपून ठेवतं, दोन्ही त्यात बरोबर बसतात. ईव्हेंट आला की जागा काढा, पिढी जुळवा. जुळली नाही तर ईव्हेंट गुपचूप सोडून द्या. एकाच जागेवर ४२९ कोटी वेळा अदलाबदल झाल्याशिवाय पिढी पुन्हा फिरून येत नाही. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरने हेच काम काटकसरीने केलंय: पॉइंटरचा शेवटचा बिट रिकामाच असतो, त्यात 'इन्स्टन्स' नावाची खूण ठेवून ते शिळा ईव्हेंट ओळखतात. माझ्या मीटरच्या घोटाळ्यालाही औषध हेच होतं. डीकोडर थ्रेडला १७ हा क्रमांक न देता ओळख दिली असती, तर परत आलेलं रीडिंग पिढी न जुळल्यामुळे दारातच अडलं असतं.

दुसरा, स्वतःच्याच कॉलबॅकमध्ये स्वतःला बंद करणं. हे व्हायलाच हवं, कनेक्शन तुटल्याचं तिथेच कळतं. म्हणून लायब्ररीचा स्वतःसाठीचा नियम: कॉलबॅक परत आल्यानंतर त्या हँडलला ओळखीवरून पुन्हा शोधल्याशिवाय हात लावायचा नाही. आधी काढून ठेवलेला पॉइंटर वापरायचा मोह होतो. आवरा.

तिसरा, 'माझं' कधी सोडायचं. बंद_कर ने लगेच परत यावं, पण बंद_झाल्यावर हा कॉलबॅक चालू फेरीच्या शेवटी यावा, आणि वापरणाऱ्याने आपली मेमरी तिथेच सोडावी. लिबयूव्हीचं यूव्ही-क्लोज असंच वागतं. बऱ्याच जणांना सुरुवातीला ही भानगड जास्तीची वाटते. पण कॉलबॅकच्या साखळीत वर कोणी अजून तीच मेमरी वापरत असेल, तर तिला फेरीअखेरीपर्यंत जिवंत ठेवणं हाच सरळ मार्ग आहे. शिवाय पुढेमागे आयओ-यूरिंगकडे वळलात तर तिथे रद्द होणं मुळातच उशिरा कळतं, तेव्हा वापरणाऱ्याचा कोड बदलावा लागत नाही.

दस्तऐवजात एक वाक्य ठळक लिहा: बंद_कर बोलावल्या क्षणापासून त्या ओळखीचा दुसरा कोणताही कॉलबॅक येणार नाही, बंद_झाल्यावर मात्र नक्की एकदाच येईल. दोनदा बंद_कर बोलावलं तर दुसऱ्यांदा काहीच घडू नये. लूपकडून लोकांना हवं असतं ते हे वचन, वेग त्यानंतर.

चौथा घोटाळा ईपोलचा स्वतःचा आहे. नोंदणी डिस्क्रिप्टरच्या क्रमांकावर लागलेली दिसते, पण ती असते त्यामागच्या उघड्या फाइलवर. डपमुळे (डिस्क्रिप्टरची प्रत) किंवा फोर्कमुळे (प्रोसेसची प्रत) त्याच फाइलची दुसरी प्रत कुठे उघडी असेल, तर तुमचा क्रमांक क्लोज केल्यावरही ईव्हेंट येत राहतात. आणि क्रमांकच हातात नसल्यामुळे नोंदणी काढताही येत नाही. भुताटकी वाटावी असं हे प्रकरण आहे. क्रम पक्का ठेवा: आधी ईपोलमधून काढायचं, मग क्लोज. हा क्रम वापरणाऱ्याच्या भरवशावर सोडू नका, डिस्क्रिप्टर क्लोज करण्याचं काम बंद_कर नेच करावं.

## पायरी ४: लेव्हल की एज

ईपोल दोन प्रकारे सांगतं. लेव्हल प्रकारात डेटा शिल्लक आहे तोवर दर फेरीला आठवण होते. एज प्रकारात नवीन काही घडलं तरच, म्हणजे ई-अगेन ('आत्ता काही नाही, नंतर ये') मिळेपर्यंत वाचत राहण्याची जबाबदारी तुमची. एज ऐकायला वेगवान वाटतं. पण एखादा ग्राहक सतत डेटा ओतत असेल तर तुम्ही त्याच्यापाशीच वाचत बसता आणि बाकीचे ताटकळतात. मध्येच सोडलंत तर उरलेल्याची आठवण कोणी करणार नाही, ती यादी स्वतः ठेवायची. माझं मत स्पष्ट आहे: डीफॉल्ट लेव्हल ठेवा, आणि वाचणाऱ्याने एका कॉलबॅकमध्ये ठराविक मापापुरतंच, समजा ६४ किलोबाइट, वाचून बाहेर यावं.

लेव्हलची एकच शिस्त, ती लिहिण्याची. सॉकेटमध्ये लिहायला जागा जवळजवळ नेहमीच असते. 'लिहिता येईल तेव्हा सांग' हे कायम चालू ठेवलंत तर लूप एका कोअरवर १०० टक्के गरगरत बसतो. आधी सरळ लिहून बघायचं, ई-अगेन आलं आणि बफरमध्ये काही उरलं तरच लक्ष_बदल ने लिहिण्यावर लक्ष लावायचं, बफर रिकामा झाला की काढायचं. रेडिस हा डेटाबेसही लूप झोपायला जाण्याआधी सगळी उत्तरं थेट लिहून टाकतं, उरलं तरच हँडलर लावतं. त्याचा 'एई' नावाचा लूप छोटा आणि वाचनीय आहे, एका बैठकीत संपतो.

## पायरी ५: टायमर

घड्याळ मोनोटॉनिक, म्हणजे कधीच मागे न जाणारं, घ्या. भिंतीवरचं, म्हणजे तारीख-वेळ दाखवणारं, घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सोय) मागेपुढे केलं की टायमर बिथरतात. लिनक्सवर क्लॉक-मोनोटॉनिक यंत्र झोपलेलं असतानाचा वेळ मोजत नाही. तो मोजायला हवा असेल तर क्लॉक-बूटटाइम आहे.

टायमर मिन-हीपमध्ये, म्हणजे सर्वांत आधी वाजणारा नेहमी वर राहील अशा रचनेत, ठेवा. हजारो कनेक्शनला प्रत्येकी एक टाइमआउट असेल आणि त्यातले बहुतेक वाजण्याआधीच रद्द होत असतील, तर टायमर व्हील (वेळेच्या खणांचं चक्र) बरं पडतं. दहा-वीस टायमर असतील तर साधी यादीसुद्धा चालते, रेडिसमध्ये ती आहे.

आता एक बारीक गोष्ट, जी मी जवळजवळ प्रत्येक नवशिक्या लूपमध्ये पाहिली आहे. ईपोल-वेटला थांबण्याची वेळ मिलिसेकंदांत, पूर्णांकात द्यावी लागते. पुढचा टायमर ०.४ मिलिसेकंदावर आहे. पूर्णांकात बदलताना त्याचा होतो ०, म्हणजे 'अजिबात थांबू नकोस'. लूप परत येतो, टायमरची वेळ झालेली नाही, पुन्हा ०, पुन्हा परत. त्या ०.४ मिलिसेकंदात शेकडो फुकट फेऱ्या. नेहमी वरच्या पूर्णांकाकडे न्या. लिनक्स ५.११ पासून ईपोल-पीवेट-२ नॅनोसेकंदात वेळ घेतं, पण जुन्या कर्नलवर चालायचं असेल तर वरचा पूर्णांकच.

फेरीच्या सुरुवातीला एकदा वेळ वाचून ठेवा आणि लूप_आत्ता या फंक्शनने (तेही वरच्या यादीत जोडा) सगळ्यांना तीच द्या. पुन्हा पुन्हा वाजणारा टायमर इंटरफेसमध्ये नसला तरी चालतं, कॉलबॅकमधून नवा लावता येतो. फक्त पुढची वेळ 'आत्तापासून' न मोजता 'ठरलेल्या वेळेपासून' मोजा, नाहीतर दर वेळी थोडं थोडं घसरत जातं.

## पायरी ६: एका फेरीचा क्रम

क्रम ठरवा आणि लिहून ठेवा, कारण वापरणारे त्याच्यावर विसंबणारच. माझा क्रम: वेळ वाचणं, संपलेले टायमर, 'नंतर कर'ची रांग, ईपोल-वेट, ईव्हेंटचे कॉलबॅक, शेवटी बंद झालेल्यांचे कॉलबॅक. रांगेत काही शिल्लक असेल तर वेट ० ने बोलवायचं.

'नंतर कर'ची रांग चालवताना, फेरी सुरू झाली तेव्हा जेवढी कामं होती तेवढीच करा. एखादं काम स्वतःलाच पुन्हा रांगेत टाकत असेल तर ते पुढच्या फेरीत. नोडमध्ये नेक्स्ट-टिक (तिथलं 'नंतर कर') स्वतःलाच बोलावत राहिलं की नेटवर्कचं कामच उपाशी मरतं, तो अनुभव अनेकांना आहे. शून्य वेळाच्या टायमरलाही हाच नियम लावा.

आणि कॉलबॅकच्या आतून लूप_चालव बोलावलं तर? सरळ असर्ट लावून प्रोग्राम पाडा. आतल्या फेरीला परवानगी दिलीत तर पायरी ३ मधलं एकही वचन टिकत नाही.

## पायरी ७: थ्रेड आणि सिग्नल

लूप एका थ्रेडचा. बाहेरून फक्त जागं_कर. त्यामागे इव्हेंट-एफडी ठेवा, त्यात ८ बाइटचा काउंटर असतो. दहा वेळा जागं केलं तरी लूप एकदाच जागा होऊ शकतो, म्हणून 'जितक्या हाका तितकी कामं' असं गृहीत धरू नका. कामं म्युटेक्सच्या (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) रांगेत ठेवा, जाग आल्यावर पूर्ण रांग उपसा.

सिग्नलसाठी सिग्नल-एफडी वापरा, किंवा डी. जे. बर्नस्टाइन यांची जुनी युक्ती: हँडलरमधून एका पाइपमध्ये एक बाइट लिहायचा आणि पाइपचं दुसरं टोक लूपला द्यायचं. ईपोल-वेट सिग्नल आल्यावर ई-इंटर देऊन परत येतं, एसए-रीस्टार्ट लावलेलं असलं तरीही. तेव्हा ती एरर न मानता पुढच्या फेरीला जा. सिग-पाइप (तुटलेल्या कनेक्शनवर लिहिलं की येणारा सिग्नल) मात्र लायब्ररीने परस्पर बंद करू नये. पूर्ण प्रोसेसची सेटिंग बदलण्याचा अधिकार लूपला नाही, लिहिताना एमएसजी-नोसिग्नल द्या.

## पायरी ८: वाईट दिवस

ईपोल-एर (एरर) आणि ईपोल-हप (कनेक्शन तुटणं) हे ईव्हेंट तुम्ही मागितले नसले तरी येतात. त्यांच्यासाठी वेगळा कॉलबॅक ठेवू नका, वापरणारा तो लिहायचा विसरतो. त्याने ज्यावर लक्ष लावलंय, वाचण्यावर किंवा लिहिण्यावर, तोच ईव्हेंट द्या. रीड किंवा राइट केल्यावर खरी एरर हातात येतेच.

डिस्क्रिप्टर संपले की अ‍ॅक्सेप्ट ई-एमफाइल देतं, पण आलेलं कनेक्शन रांगेतच राहतं. लेव्हल प्रकारात लिसनिंग सॉकेट लगेच पुन्हा 'तयार' म्हणतं आणि लूप गरगरतो. यावर जुना, थोडा जुगाडू वाटणारा पण चालणारा उपाय: सुरुवातीलाच डेव्ह-नल ही नेहमी रिकामी असणारी फाइल उघडून एक डिस्क्रिप्टर राखून ठेवायचा. वेळ आली की तो सोडायचा, अ‍ॅक्सेप्ट करायचं, लगेच क्लोज करायचं, पुन्हा राखायचा. ग्राहकाला निदान नकार तरी मिळतो.

## पायरी ९: तपासणी

घड्याळ इंटरफेसमधून बदलता येईल असं ठेवा, म्हणजे तासाभराचा टाइमआउट टेस्टमध्ये क्षणात वाजवता येतो. मग एक दुष्ट टेस्ट लिहा: ५० सॉकेटपेअर (एकमेकांना जोडलेल्या सॉकेटच्या जोड्या), प्रत्येक कॉलबॅकमध्ये यादृच्छिकपणे कोणतंतरी एक बंद करायचं, कधी स्वतःला, कधी शेजाऱ्याला, कधी दोनदा, आणि लगेच नवं उघडायचं. प्रत्येक ओळखीला बंद_झाल्यावर नेमकं एकदाच आलं का, आणि बंद_कर नंतर दुसरं काही आलं का, एवढं मोजा. मेमरीच्या चुका पकडणारं अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावून ती रात्रभर चालवा, बीज क्रमांक छापून ठेवा म्हणजे पडली तर तीच चाल पुन्हा खेळता येईल. नंतर अ‍ॅक्सेप्ट करणारा छोटा सर्व्हर यूलिमिटने ३० डिस्क्रिप्टरवर आणून त्याला पन्नास ग्राहक जोडा आणि टॉपमध्ये सीपीयू बघा. आमचा गेटवे या टेस्टमध्ये पहिल्यांदा घातला तेव्हा अकरा सेकंदांत पडला होता.